लोलकाखालची मुलगी

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, इमारतींच्या प्रतिकृती बनवायचे. पुठ्ठा, पातळ लाकूड, डिंक आणि एक चिमटा, एवढ्यावर त्यांचा संसार. आम्ही त्यांना ‘इवलेसाहेब’ म्हणायचो. शहरात विज्ञान संग्रहालय उभारायचं ठरलं, तेव्हा देणगीदारांना दाखवायची प्रतिकृती त्यांच्याकडे आली. आत त्यांनी इवली माणसं उभी केली, आणि मधल्या दालनात, छतापासून झुलणाऱ्या मोठ्या लोलकाखाली, पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी. ती त्यांची लेक. “उद्घाटनाला हिला सगळ्यांत पुढे नेणार, सगळं दाखवणार,” म्हणायचे.

त्याच वर्षी हिवाळ्यात ती तापाने गेली. पहिलीत होती. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, मला जमणार नाही.

संग्रहालयाचं घोडं मात्र वर्षानुवर्षं पैशापाशी पेंड खात राहिलं. समितीतल्या मंडळींची तोंडं भाषणाला उघडत आणि खिशाची गोष्ट निघाली की मिटत. देणगी आटली की भाऊजींना निरोप यायचा, अमुक भाग कापा. आधी तारांगणाचा घुमट गेला, मग वरचा मजला. ते प्रतिकृती घरी आणत, करवत चालवत आणि परत नेऊन देत. कुरकुर नाही. लोलकाचं दालन शाबूत होतं ना!

एकदा मीही त्यांच्याबरोबर समितीच्या कार्यालयात गेले होते. चिटणीसबाई प्रतिकृतीचे फोटो छापलेलं जुनं आणि नवं माहितीपत्रक शेजारी शेजारी ठेवून हसल्या. “अहो, बाकीची माणसं आहेत तेवढीच, मग ही पिवळी मुलगीच कशी वाढली? प्रमाण चुकलं की तुमचं!”

“नाही हो,” भाऊजी म्हणाले. “शंभराला एक, बरोबर आहे. नववीत असती आता.”

दर वाढदिवसाला ते तिला नवी करत होते, केसभर उंच. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. मला तिथंच रडू फुटलं. बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी पाणी मागवलं, आणि मग खाली बघत सांगितलं, की मधलं दालनही वगळायचं ठरलंय. लोलकाला देणगीदार मिळाला नव्हता. राहिलं काय, तर तिकीटखिडकी आणि उपाहारगृह! शोभा झाली नुसती.

प्रतिकृती घरी आली, पण भाऊजींचा हात करवतीकडे जाईना. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. लेक गेल्यापासून तिने प्रतिकृतीच्या टेबलाकडे पाहिलंच नव्हतं. मी रडत रडत सगळं सांगितलं, तशी ती वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

“माझ्यावर गेली असती,” ती म्हणाली. “एव्हाना चष्मा लागला असता हिला.”

भाऊजींनी लगेच चिमटा उचलला आणि बारीक तार शोधायला लागले. सापडली तशी तिची दोन इवली वर्तुळं वळवायला लागले.

“राहू द्या हो,” ताई म्हणाली. “तिथे आता काय दाखवणार आहात तिला?”