नकाशातली कोरी जागा

सुजाताताईंनी मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगते. घडलं काय ते नंतर.

आमची ओळख लायडस्खेनडाम या डच गावातल्या एका हॉलमध्ये, भीमजयंतीच्या स्वयंपाकात झाली. इथली डाळ स्वच्छ असते, तरी मी सवयीने निवडत बसले होते. डेल्फ्टच्या विद्यापीठात वाळूवर संशोधन करणाऱ्या ताई शेजारी येऊन टेकल्या.

"शिक्षण?"

"नववीत सुटलं." माझी मान खाली.

"बरं. डोळे तर छान आहेत. माझ्याबरोबर अंडी शोधायला येशील?"

उत्तरेकडच्या एका बेटाच्या टोकाला नुसतं वाळवंट आहे. झाड नाही, घर नाही. तिथे लष्कराच्या गाड्या सराव करतात आणि त्याच वाळूत पक्षी उघड्यावर अंडी घालतात, अगदी खड्यांसारखी. गाड्यांनी कुठून जायचं, तो नकाशा ताई करत. त्या अनवाणी चालत. "बुटाला अंडं कळत नाही गं," म्हणायच्या. आणि नकाशाबद्दल एकच नियम: "माहीत नाही तिथे कोरं ठेवायचं. कोऱ्या जागेत गाडी शिरत नाही, कुणी चिरडलं जात नाही."

एका शुक्रवारी शेवटची बोट गाठायची होती आणि घरट्यांच्या जागा नोंदायच्या माझ्या यंत्राची बॅटरी संपली. नववी शिकलेलीला तेवढंही सांभाळता आलं नाही, असं वाटेल म्हणून बोलले नाही. शेवटची चार घरटी पावलं मोजून, अंदाजाने नोंदली. सोमवारी गाड्या त्याच नकाशावर धावणार होत्या.

बोटीवर ताईंनी डबा उघडला. मी हातातला घास खाली ठेवला. सगळं सांगून टाकलं.

ताईंनी डबा झाकला, लष्करी तळावरच्या अधिकाऱ्याला फोन लावला. "शेवटचा पट्टा बंद ठेवा. चूक माझी आहे."

मग माझ्याकडे वळल्या. "खा आता. उद्या पहिल्या बोटीने परत बेटावर जायचंय."

"ताई, माझं काम जाईल ना?"

"चूक झाली हे मला सांगितलं कुणी? तूच ना? मग अशी बाई मी घालवू?"

शनिवारी तीन घरटी सापडली. चौथं वाऱ्याने बुजलं की मीच चुकले, कळलं नाही. लष्कराला वळसा पडला, तरी ताईंनी तेवढी जागा कोरी सोडली.

गुडघ्यांनी दगा दिला, तशा ताई नागपूरला परतल्या. नकाशा आता माझ्याकडे आहे. दर वसंतात मी त्या जागेपाशी बूट काढते.

ताई, तिथे पक्षी पुन्हा बसेल. मी नीट मोजून नकाशातली ती जागा भरीन, आणि पहिली प्रत तुमच्या हातात द्यायला नागपूरला येईन.