कावळे कोण हाकलील?

धुळ्यात आमच्या गल्लीत पन्नाशीची एक बाई खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालून राखत बसायची. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पुस्तक. गरीब बायांसाठीची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून या वयात सातवीला बसणार होती. कावळ्यानं तिचा बिबडा पळवला की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

माझी बायकोही असेच बिबडे राखायची. तिनं शिकायचं म्हटलं, तेव्हा मी म्हणालो होतो, "मग कावळे कोण हाकलील?" शेवटपर्यंत अंगठाच उठवत ती वारली.

एकदा त्या बाईला विचारलं, "घरात कोणी अडवलं नाही?"

ओळीवरचं बोट न हलवता ती म्हणाली, "अडवनारा गया, आबा."

माझ्या घरात अडवणारा राहिला. शिकणारी गेली.