नववीतले पस्तीस

आमच्या शिरड शहापूरकडं एक समजूत पक्की आहे. दहावीला जीव तोडून अभ्यास करायचा. नववीचं कुणी विचारत नाही. त्यामुळं नववी हे घरच्यांच्या हक्काचं वर्ष. कुणाचं बाळंतपण असो की कुणाची तूर काढायची असो, नववीतलं लेकरू घरी ठेवायचं.

माझ्या नववीत आई घसरून पडली आणि तिचा पाय मोडला. दिवाळी झाली की आमची मेंढरं दरवर्षी गाव सोडतात. ज्याच्या रानात रात्री बसतील त्याला खत मिळतं, आम्हाला ज्वारी. आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखतील, पण भाकरी कोण थापणार आणि मागं राहणारी कोकरं कोण उचलणार? आबा शाळेत जाऊन आमच्या वर्गाच्या सरांना भेटले. सर हसले. "न्या खुशाल. नववीचं कोण पाहून राहिलं? मी पास करतो बराबर."

सरांनी शब्द पाळला. माझी रोजची हजेरी लावली आणि न दिलेल्या परीक्षेत प्रत्येक विषयात पस्तीस गुण दिले. माझं वर्ष वाचलं. आता वाटतं, द्यायचेच होते तर साठ द्यायचे होते की! पण मेंढरांमागं गेलेल्या पोरीला साठ कोण देतं?

दहावीला मी शाळेत पहिली आले, बारावीलाही. पुण्याच्या एका मोठ्या कॉलेजनं मुलाखतीला बोलावलं. तिथं जागा मोजक्या, पण निवड झाली की फी, राहणं, खाणं सगळं कॉलेजचं. एवढं एकच दार माझ्यासाठी उघडं होतं. ते बंद झालं तर पुण्यात शिकायचं नाव काढायची सोय नव्हती. आबा धुतलेला फेटा बांधून सोबत आले आणि मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर बसले.

आतल्या मॅडम प्रेमळ होत्या. "दहावी-बारावी उत्तम आहे. पण आम्ही नववीपासूनचे गुण बघतो. नववीत सगळीकडे पस्तीस कसे? आजारी होतीस का? हजेरी तर पूर्ण दिसते."

उत्तर ओठांवर आलं होतं. मी वर्गात नव्हतेच, वाशीमच्या पलीकडं कोकरं खांद्यावर घेऊन चालत होते. पण हे बोलले असते तर त्या पूर्ण हजेरीचं काय? सर निवृत्तीला आलेले. ज्यांनी माझं वर्ष वाचवलं, त्यांच्याच पोटावर पाय कसा देऊ?

"तेव्हा अभ्यासात लक्ष नव्हतं माझं," मी म्हणाले.

मॅडमनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. आपल्याच तोंडानं आपल्याला उनाड म्हणवून घेणं फार कडू असतं. संध्याकाळी निवड सांगितली, त्यात मी नव्हते. त्या लोकांचा मला राग आला नाही, असं लिहिणार होते. पण आला, खूप आला. सरांचाही आला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

परतीच्या एसटीत आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दार उघडं व्हतं. मला ऐकू आलं. लक्ष न्हवतं म्हणलीस तू. काहून?"

"सरांचं नाव आलं असतं, आबा."

"मग माझं घ्यायचं व्हतं. बापानं नेलं म्हणायचं व्हतं. माझी कोणती नोकरी जाणार व्हती?"

बापाचं नाव घेतलं तरी हजेरी खोटीच ठरली असती, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडू फुटलं. एसटीतली माणसं वळून बघायला लागली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं पोरीला?"

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "काई न्हाई बाई," ते म्हणाले. "लई हुशार हाय माझी पोरगी. नववीतबी हुशारच व्हती."