फ्रेंच मामांचा गिअरबॉक्स

गाडीचं दार उघडण्याआधी फ्रेंच मामा खाकरत. "झोपंतनं उठवायचं तर आधी कळवावं मानसानं," हे त्यांचं स्पष्टीकरण. फ्रान्सशी त्यांचा संबंध एवढाच, की नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेली एक फ्रेंच डिझेल गाडी त्यांनी जुनी म्हणून घेतली होती. ती गाडी बनणं लवकरच थांबलं. मामा थांबले नाहीत.

ते लेथवर काम केलेले कामगार. केडगावच्या घरामागे बारकी लेथ ठेवून बुश, पिना असले बारीक सुटे भाग स्वतःच बनवत. गिअरचे दात मात्र तिच्या आवाक्याबाहेरचे. पुणे रस्त्यानं पुढाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्यांचा ताफा गेला की म्हणत, "काचा काळ्या. आत कोन हाय ते त्यांच्या ड्रायव्हरलाच म्हाईत."

जिल्ह्यात अशा तीनच गाड्या उरल्या होत्या: मामांची, पारनेरच्या एका कांदा व्यापाऱ्याची आणि कोपरगावच्या एका डॉक्टरांची. तिघांचा करार होता. जो आधी जाईल, त्याची गाडी उरलेल्यांनी सुटी करून वाटून घ्यायची. व्यापारी गेला, काचा आणि दारं मामांकडे आली, रेडिएटर कोपरगावला गेला; त्याचा गिअरबॉक्स आधीच मोडलेला होता. त्यानंतर दोघांचे फोन विचित्र होत गेले; मी शेजारचा, मामा स्पीकरवर बोलत म्हणून मला सगळं ऐकू येई.

"डॉक्टर, तब्येत कशी हाय?"

"ठणठणीत. माझ्या गिअरबॉक्सवर डोळा ठेवू नको."

"ठेवला न्हाई हो. माझा लई कुरकुरतोय, म्हनून इचारलं."

डॉक्टर वारले त्याच आठवड्यात मामांचा गिअरबॉक्स कायमचा बसला. मामा एसटीने कोपरगावला अंत्यविधीला गेले. डॉक्टरांची गाडी अंगणातच उभी होती. ते तिच्याकडे पाठ करून बसले आणि परत आले.

"बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"सुतकात? मानूस जळतंय अन् आमी गिअरबॉक्स मागायचा? तेराव्याला बोलू."

तेराव्याला अंगण मोकळं होतं. जेवायला येणाऱ्यांच्या मांडवासाठी डॉक्टरांच्या मुलानं गाडी दोन दिवस आधीच भंगारात दिली होती. त्याला कराराचा पत्ताच नव्हता. "काका, एक शब्द बोलला असता तर..." तो खरंच कळवळला. मामांनी पंगतीत बसून बुंदी खाल्ली, वाढणाऱ्याला नको म्हटलं नाही. ते त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि वर म्हणाले, "माझ्या टायमाला तू तेराव्याची वाट बघू नको."

माझ्याकडे तर तसली गाडीच नव्हती.

पुढे तीन वर्षं गाडी लिंबाखाली उभी राहिली. मामा रोज इंजिन सुरू करत, दहा मिनिटं आत बसत, बंद करत. जायचं कुठेच नव्हतं.

उन्हाळ्यात मामा गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर त्यांच्या मुलानं किल्ली माझ्या हातात दिली. "तुम्ही गाडीचं विचारायला याल, असं बाबा म्हणाले होते. काय काय काढून न्यायचंय?"

मी लिंबाखाली गेलो. काचा पारनेरच्या, बुश घरचे, सगळं जागच्या जागी. द्यायला जिल्ह्यात कुणी उरलं नव्हतं.

दार उघडण्याआधी मी खाकरलो.