उकळलेल्या पाण्यात विसण

छातीच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जातो. बाकावर बसून खोकणारी माणसं बोलणार तरी कशाबद्दल? आजाराबद्दलच. महिन्यामागून महिने हे चालतं आणि टाकीच्या तळाशी गाळ साठावा तसे किस्से साठतात. मी चौथी शिकलेला आहे. पण जे सांगतो ते पाहिलेलं सांगतो.

पेशंट मी नाही. आमची मंडळी, सुलोचना. जुन्या टीबीने तिची फुप्फुसं आधीच अर्धी नेली. आता पुन्हा खोकला लागला, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा टीबी नाही. हा जंतू पाण्यात असतो. नळात, टाकीत, शॉवरमध्ये. तुम्हाला काही करणार नाही, यांना करेल. औषध वर्षाच्या वर चालेल. पण तो रोज नव्याने आत जात राहिला, तर औषध पुरं पडणार नाही."

मी म्हटलं, उकळून पाजतो.

"पिण्याइतकंच श्वासाचंही सांभाळा. पाण्याचे बारीक तुषार छातीत जातात."

गिरणीत लूमवर उभा राहिलेला माणूस मी. त्या दिवसापासून नळाला घाबरतो.

घरी आलो आणि पान्ह्याने शॉवर काढला. नाहूरचा हा फ्लॅट मुलाने, संतोषने, हौसेने घेतलेला. तो चिडला. नवीनच बसवला होता ना, म्हणाला. मी शॉवर खोलून त्याच्या हातात दिला. त्याने आतून बोट फिरवलं. काळं, बुळबुळीत निघालं.

तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच बादली आणि तांब्या घेऊन आला.

मग आंघोळीचं. बाथरूममध्ये वाफ कोंडू द्यायची नाही, खिडकी उघडी ठेवायची. सुलोचना ऐकेना. समोरच्या विंगमधून दिसतं म्हणे. मी म्हटलं, या वयात तुला कोण बघतंय?

"मग तुम्ही दाराबाहेर पहारा कशाला देताय?"

मी तिथे तिचा खोकला ऐकायला उभा असतो. हे तिला सांगितलेलं नाही.

आमच्या गेटजवळ कारंजं आहे. संध्याकाळी बायका त्याच्या कठड्यावर बसतात, वाऱ्याने तुषार अंगावर येतात. सुलोचनाची तीच आवडती जागा. मी सेक्रेटरीला कारंजं बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, "काका, बिल्डिंगची शोभा आहे ती."

मी मोटरचा फ्यूज काढला. इलेक्ट्रिशियन येऊन गेला, नुसत्या वायरी तपासून गेला. फ्यूज माझ्या खिशात आहे.

चौथ्या मजल्यावर परब राहायचा. माझ्याच गिरणीतला, कापसाने छाती गेलेला. घरी ऑक्सिजनचं मशीन. नाकात जाणारी हवा ओलसर राहावी म्हणून मशीनला पाण्याची बाटली असते; तिच्यात उकळून गार केलेलं पाणीच घालायचं, अशी ताकीद होती. परबाला सगळं थोतांड वाटायचं. "हिरीचा पाणी पिऊन आमचो बापूस म्हातारो झालो," म्हणायचा आणि पुढचं वाक्य खोकल्यात जायचं.

परबवहिनी मात्र पाणी नेमाने उकळायच्या. एकदा सुलोचना त्यांच्या स्वयंपाकघरात उभी होती. वहिनींनी पातेलं उतरवलं आणि त्यात नळाचं पाणी ओतलं.

"वहिनी, हे काय केलंत?"

"विसण गं. एवढं कढत बाटलीत कसं घालू?"

जन्मभर आंघोळीच्या पाण्यात विसण घातलेला हात. तो बाटलीतही तेच करत होता. कधीपासून, हे विचारायचा धीर आम्हाला झाला नाही. त्यानंतर त्या पातेलं झाकून पाणी गार करू लागल्या.

पावसाळा सरला आणि परब गेला.

मशीन भाड्याचं होतं, ते परत नेलं. त्यानंतर एका सकाळी परबवहिनी दारात. हातात झाकण लावलेली स्टीलची कळशी.

"सुलू, हात राहत नाही गं. आजपण उकळलं. तुला नाक धुवायला उकळलेलंच लागतं ना? घे. विसण नाही घातलेलं."

सुलोचनाने कळशी दोन्ही हातांनी घेतली. बसा म्हणाली, चहा केला, पाठीवरून हात फिरवला. लिफ्टपर्यंत सोडून आली. मग दार लावलं, कळशी पातेल्यात रिकामी केली आणि गॅस पेटवला.

मी म्हटलं, उकळलेलं आहे म्हणाल्या ना त्या?

सुलोचनाने गॅस मोठा केला.

"परबभावजींनाही उकळलेलंच देत होत्या."