प्राची शांत बसू लागली

भोकरकडच्या आमच्या गावातून प्राचीच्या क्लाससाठी लातूरला जायला टेम्पो निघाला तेव्हा प्राची तीनदा खाली उतरून पळाली. एकदा शेळीच्या पिल्लाला भेटायला, एकदा चप्पल राहिली म्हणून, आणि एकदा कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नाही. बाई, तुम्ही तिला दंडाला धरून माझ्याजवळ आणून बसवलंत आणि म्हणालात, "एवढ्याशा खोलीत ही पोरगी कशी मावंल गं?" तुम्ही थोरल्या जाऊबाई म्हणून मी उलट बोलले नाही, पण राग आला होता. जाऊबाईंची लेकरं शिकून नोकरीला लागली, आणि माझी मात्र शेळ्यांमागं फिरावी काय, असं मनात आलं. आज ते लिहिताना लाज वाटते.

नांदेडच्या डॉक्टरांनी तिला एडीएचडी आहे, म्हणजे मन आणि अंग एका जागी ठरत नाही, असं सांगून तेव्हा वर्ष झालं होतं. गोळी लिहून दिली आणि वर बजावलं होतं, गोळी हा एक भाग झाला. झोप पुरी हवी, रोज पळणं-खेळणं हवं, दिवसाचा क्रम ठरलेला हवा, चारचौघांत टाकून बोलू नका, नाहीतर त्रास वाढतो. मी मान डोलावली. गोळ्या आठवणीनं पिशवीत भरल्या. बाकीचं सगळं गावातच राहिलं, कारण ते तुम्ही करत होतात आणि मला ते औषध वाटलंच नव्हतं. पाणी आण, कोंबड्या कोंड, जा पळत काकांना हाक मार, अशी दिवसभर तुमची तिच्यामागं कामं. संध्याकाळी ती जेवता जेवता पेंगायची.

लातूरच्या आमच्या गल्लीत सगळ्या आयाच. कुणी किनवटची, कुणी मुरुडची. नवरे गावाकडं आणि आया एकेका खोलीत लेकरू घेऊन. पहाटे उठून क्लास, मग शाळा, मग अभ्यासिका, रविवारी टेस्ट. खेळायला गच्ची होती, तिला कुलूप होतं. पहिले दोन-तीन महिने प्राचीनं हैराण केलं. वर्गातून उठून जायची, पेनांची टोपणं चावून टाकायची. सरांनी सगळ्यांसमोर उभं केलं. घरी मी हात उचलला. उचलायला नको होता. "बस एका जागी," असं दिवसातून किती वेळा म्हणत असेन, देव जाणे. आजाराचं क्लासला कळवलंच नाही. नाव काढून टाकतील, पुढं लग्नाच्या वेळी कुणीतरी उकरून काढेल, ही भीती.

दिवाळीनंतर ती बसू लागली. तासन्‌तास. घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "तुमची पोरगी लई गुणाची हाय बघा, आवाजच न्हाई तिचा." सर म्हणाले, सुधारणा आहे. मार्क मात्र तेवढेच. वही उघडी, पेन हातात आणि पान तेच. हे मला दिसत होतं, पण मी ते बघत नव्हते. तुम्हाला फोनवर तोऱ्यात सांगितलं, मावली बरं पोरगी खोलीत. तुम्ही विचारलंत, "जेवताना बोलती का?" मी विषय बदलला.

वेण्या ती स्वतःच घालू लागली होती. तेवढंच माझं काम कमी, म्हणून मी खूश. गेल्या रविवारी टेस्टवरून आल्यावर म्हटलं, ये, तेल लावून देते. तिनं डोकं मागं घेतलं. मी हसत हसत तिला धरून बसवलं आणि रिबीन सोडली. कानामागं तळहाताएवढी जागा उघडी होती. तिथं केसच नव्हते. उपटलेले पुंजके तिनं कंपासपेटीत नीट गुंडाळून ठेवले होते.

"हाताला हे काम दिलं की पाय हालत न्हाईत," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "वरडणार न्हाईस ना?"

नांदेडच्या डॉक्टरांना फोन केला, घेऊन या म्हणाले. ह्यांचं म्हणणं, एवढं वर्ष निघू दे. गल्लीतल्या बायकाही तेच म्हणतात. त्यांच्याही खोल्यांतून हल्ली आवाज येत नाही, हे आता माझ्या ध्यानात येतंय. त्यांना सांगावंसं वाटतं, बायांनो, एकदा आपापल्या लेकरांना जवळ घेऊन बघा.

जिथं तिच्यामागं दिवसभर "अगं, पडशील" असा ओरडा चालायचा, ते घर होतं. मला ते कटकटीचं वाटायचं. बाई, उद्या आम्ही गावाकडं यायला निघतोय. आज सामान बांधायला घेतलं, तर प्राची खुर्चीवर बसून बघत होती. म्हटलं, ये गं, चादरीचं ते टोक धर.

"उठू का?" तिनं विचारलं.