सगळ्यात हळू चालणारी मोटर

नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. पाण्याचे पंप, फवारणीचे पंप, गवत कापायची मशिनं, आणि काही वर्षांपासून होडीला मागं लावायच्या छोट्या मोटरी. सोलापूरसारख्या कोरड्या गावात होडीची मोटर कोण घेणार, म्हणून शेजारचे दुकानदार मला हसले होते. ते फारसे चुकले नव्हते. वर्षाला चारपाच जायच्या, त्याही उजनीकडं. आणि जो येईल त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, पळती कशी? सिद्राममामा एकटेच असे भेटले, की ज्यांनी चपला बाहेर काढून दारातूनच विचारलं, "सगळ्यात हळू चालणारी कंची हाय?"

साठी ओलांडलेला काळा, काटक माणूस. धोतर, टोपी, आणि जाळ्याच्या दोरीनं चिरलेली बोटं. दुपारची वेळ, डोकं आधीच तापलेलं. मला वाटलं, आला कुणीतरी वेळ घालवायला. मी म्हटलं, "मामा, हळूच जायचंय तर वल्ही काय वाईट आहेत?"

"वल्ही हायत की," ते म्हणाले. "वल्हवणारं न्हाय."

मग स्टुलावर बसून त्यांनी सांगितलं. होटगीच्या तळ्यावर यांची मासेमारी. एका होडीत नवरा आणि बायको. बायको पुढच्या टोकाला बसून वल्हवणार, नवरा मागं उभा राहून जाळं सोडणार. दोघांची तोंडं समोरासमोर. पस्तीस वर्षं असंच चाललेलं. गेल्या श्रावणात ती, सुरेशची आई, तापानं आठ दिवसांत गेली. बायकोला ते नावानं कधीच हाक मारत नसत, मेल्यावरही नाही. दुसऱ्याची बायको आपल्या होडीत बसत नाही, आणि बाप्ये म्हणावेत तर सगळे कारखान्यात. मुलगा सुरेश पुण्याला. त्यानं बजावलं होतं, दिवाळीपर्यंत एकट्याला जमलं तर ठीक, नाहीतर होडी विका आणि इकडं या.

"चवथ्या मजल्यावर ऱ्हातंय पोरगं," मामा म्हणाले. "लई चांगलं हाय. पन त्या खिडकीतनं दुसऱ्याची खिडकीच दिसती."

त्यांना पुण्याला जायचं नव्हतं. एवढी एकच गोष्ट होती, आणि ती माझ्या दुकानातल्या एखाद्या मोटरीवर अवलंबून होती. हे मला नीट कळायला त्यांच्या तीन खेपा व्हाव्या लागल्या, कारण पहिल्या दोन्ही वेळा मी त्यांना मोठी मोटर गळ्यात मारायचा प्रयत्न केला. दुकानदाराची जात, दुसरं काय. पाच हॉर्सपॉवरची चालू केली, तर त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि मान हलवली. "ही लई घाईत हाय." बॅटरीवरची दाखवली. ती हळू, बिनआवाजाची. "रफिकभाई, आमच्याकडं लाईट पावण्यावाणी येती. आली तर आली."

तिसऱ्या वेळी मी पेट्रोलवरची दोन हॉर्सपॉवरची काढली. रेस अगदी कमी केली की तिचा पंखा थांबतो, इंजिन बंद पडत नाही. दुकानामागच्या पाण्याच्या टाकीत ती लावली. मामांनी रेस कमी करत करत आणली, आणि मग मागं सरकून उभे राहिले. त्यांचे हात चालू लागले. जाळं नव्हतंच, तरी ते हातभर हातभर सोडल्यासारखं करत होते. हातभर जाळं, वल्ह्याचा एक टोला, असा त्यांचा हिशोब असावा. ओठ हलत होते. पंप घ्यायला आलेले दोघं हसायला लागले, तर मी त्यांच्यावर खेकसलो. मामांचं लक्षच नव्हतं. त्यांनी रेसचा दांडा अजून एक केसभर मागं घेतला.

"आता बरुबर," ते म्हणाले. "सुरेशची आई अशीच चालवायची."

पंख्यात जाळं अडकू नये म्हणून मी सळईचा एक पिंजरा वळवून त्याभोवती बसवून दिला, आणि रविवारी दुकान बंद असतं म्हणून मोटर लावायला स्वतः होटगीला गेलो. मामा एकटेच होडीत बसले. मागं मोटर, मागंच माणूस. पुढचं टोक वर उचललं गेलं, वाऱ्यानं होडी गरकन फिरली, आणि सोडलेलं जाळं होडीलाच गुंडाळलं. दोनदा करून पाहिलं, दोनदा तेच. मामा काठाला आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

मी शहाणा. तीस वर्षं वजनं आणि तोल बघण्यात घालवलेली. लगेच म्हटलं, "सोपं आहे मामा. पुढच्या फळीवर पन्नास किलोचं वाळूचं पोतं टाका."

"कुटं?"

"पुढं. तिथं, बघा ना."

मामा त्या फळीकडं बघत राहिले. "तितं न्हाय ठेवायचं पोतं," एवढंच म्हणाले, आणि जाळ्याचा गुंता सोडवायला बसले.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला माझीच लाज वाटली. दिवाळी दहा दिवसांवर आलेली. मी बूट काढले, पँट दुमडली आणि त्या फळीवर जाऊन बसलो. होडी पुढून चांगलीच दबली.

"तुमी जरा लई झाला की," मामा म्हणाले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी जाळं सरळ गेलं. नंतरचा सगळा हिवाळा मी दर रविवारी जात राहिलो. बाकीचे दिवस मामा काठाकाठानं जमेल तेवढं करायचे. सुरेशला त्यांनी संक्रांतीपर्यंत थांबवलं. होडीत आम्ही फार बोलायचो नाही. ते जाळं सोडायचे, मी समोर बसायचो. कधी म्हणायचे, "हितं मरळ हाय, हलू नगा." मी हलायचो नाही. माझं लग्न राहून गेलेलं. भाऊ दुधनीला, त्याचा संसार त्याच्याकडं. तासन्‌तास माझ्या समोर असं कुणी असण्याची मला सवयच नव्हती. ती लागली. शुक्रवारपासूनच मी रविवारची वाट बघायला लागलो होतो, खोटं कशाला बोलू.

मामा पुण्याला शेवटपर्यंत गेले नाहीत. गेल्या उन्हाळ्यात होटगीतच, दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. सुरेशनं फोन करून कळवलं. पण माझ्यापुरते ते त्याच्या दोन वर्षं आधीच, संक्रांतीनंतरच्या एका रविवारी, दूर गेले होते.

त्या रविवारी मी तळ्यावर पोचलो तर होडी आधीच मधोमध होती. पाण्यावर अगदी सपाट. मोटर त्या एका केसभर कमी रेसवर चाललेली, आणि मामा उभे राहून जाळं सोडत होते. मी काठावर बसून राहिलो. तासाभरानं ते आले. पुढच्या फळीवर वाळूचं पोतं होतं, तोंड जाळ्याच्या दोऱ्यानं बारीक शिवलेलं.

मी वाकून होडीचं टोक धरलं. तेच म्हणाले, "राग धरू नगा रफिकभाई. तुमी रविवारी जाता, मग सोमवारी त्या जागंवरनं दोगं गेल्यावाणी वाटतंय. एकदा सोसलं. आता तुमची सवय लागली, अन् उद्या तुमी बी न्हाय आला तर?"

"मी येणार आहे की, मामा."

"ती बी असंच म्हनायची." त्यांनी पोत्यावर हात ठेवला. "ह्याचं बरं असतंय. हे कुटं जात न्हाय."

त्यांनी दोन मोठे कटला मासे कागदात बांधून दिले. मी ते घेतले आणि स्टँडकडं निघालो. मागून मोटर पुन्हा चालू झाल्याचा आवाज आला. एकट्या माणसाला चालवता यावी म्हणून मीच ती निवडून दिली होती, आणि ती आता अगदी बरोबर चालत होती. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.